आठ पानांच्या कॉमिकसाठी चित्रकार कसा शोधायचा, आणि शोधल्यावर टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात राहणाऱ्या एका लेखकाकडे २२ पानी मराठी कॉमिकची संहिता तयार आहे. गोष्ट अशी: बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आलाय, काठच्या सोसायटीत मगर शिरलीय आणि तळमजल्यावरची एकटी आजी जिन्यात अडकलीय. इन्स्टाग्रामवर 'चित्रकार हवा' म्हणून टाकलं, तिघांनी उत्सुकता दाखवली, एकानं चार पानं काढली आणि मग उत्तर देणंच बंद केलं. चित्रकार कुठे शोधू, किती पैसे देऊ, हक्क कोणाचे?

आधी तो माणूस का गेला ते बघू. एका पानाला लागणारे तास मांडा. कच्चा आराखडा १ तास, पेन्सिल ४, शाई ४, करड्या छटा दीड, स्कॅन आणि सफाई अर्धा. सरासरी ११ तास, तेही सवयीच्या हाताला. २२ पानांचे २४२ तास झाले. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दोन तास, आठवड्यातले पाच दिवस बसणाऱ्याला हे काम २४ आठवडे पुरतं. चार पानं म्हणजे ४४ तास, महिनाभराच्या संध्याकाळी. त्यानं महिनाभर काम केलं, पुढे अजून पाच महिने दिसले आणि तो गळाला. त्याच्या स्वभावात दोष शोधण्यापेक्षा हा हिशेब आधी त्याच्यासमोर का ठेवला नाही, हे बघा. नवख्या लेखकाला संहिता लिहायला दोन शनिवार-रविवार लागतात आणि चित्रांनाही साधारण तेवढाच वेळ लागत असेल असं त्याला मनोमन वाटतं. सगळं बिनसतं ते इथे.

म्हणून पहिलं काम चित्रकार शोधण्याचं नाहीच. २२ पानांची ८ करा. ८ पानं म्हणजे ८८ तास, त्याच वेगानं नऊ आठवडे. एवढं काम अनोळखी माणूस अनोळखी माणसासाठी पूर्ण करू शकतो. तुम्ही पाठवलेल्या सारांशात पहिली पाच पानं सोसायटीची ओळख करून देण्यात जातात. ती एका रुंद चौकटीत बसतात: गेटशी गुडघाभर पाणी, अर्धी बुडालेली स्कूटर, वरच्या गॅलऱ्यांत माणसं, खाली एकाच खिडकीत दिवा. आजोबांच्या आठवणींची सहा पानं सरळ काढून टाका. भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला की वाचकाला कळतं.

आठच का, तर छपाईमुळे. मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. आतली ८ आणि मुखपृष्ठाची ४ असा ए-५ आकाराचा अंक ए-४ च्या तीन कागदांत होतो. त्यात आतलं पान १ उजवीकडे येतं, २-३ समोरासमोर, ४-५ समोरासमोर. वाचक पान उलटतो तो १, ३, ५ आणि ७ नंतर. धक्का द्यायचा तर तो सम पानाच्या पहिल्या चौकटीत हवा. तुमच्या संहितेत मगर पान ९ वर दिसते. ते पान ८ च्या शेजारीच उघडणार, म्हणजे आजी टॉर्च शोधत असतानाच वाचकानं मगर पाहिलेली असणार. नव्या आराखड्यात तिला पान ४ च्या माथ्यावर आणा आणि पान ३ ची शेवटची चौकट काळोखी ठेवा.

आता संहितेची भाषा. चित्रकाराला न काढता येणारी वाक्यं त्यात असतात, आणि अनुभवी चित्रकार पहिल्याच पानावर ती ओळखून नम्रपणे नकार देतो. उदाहरणार्थ, 'आजी मगरीकडे पाहते. तिच्या डोळ्यांत आयुष्यभराचं एकटेपण.' यातून कागदावर काय उतरणार? त्याऐवजी असं लिहा: 'पान ४, चौकट १. रुंद, अर्धं पान. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. आजी पाचव्या पायरीवर, पाय पोटाशी घेतलेले, उजव्या हातात टॉर्च. उजेडाचा झोत पाण्यावर. त्यात दोन डोळे चमकतात, बाकी अंधार. संवाद नाही.' दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका चौकटीत तीन क्रिया: 'आजी दार उघडते, टॉर्च लावते आणि किंचाळते.' या तीन चौकटी झाल्या. चौकट हा एकच क्षण असतो. एका पानावर चार ते सहा चौकटी ठेवा. ए-५ वर आठ केल्या की माणसं मुंग्यांएवढी होतात.

प्राणी, वास्तू, कपडे यांचे संदर्भफोटो तुम्हीच गोळा करून द्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे मगर आणि सुसर हे शब्दच सरमिसळ वापरले जातात. विश्वामित्रीत असते ती रुंद तोंडाची मगर. सुसरीचं तोंड लांब, निमुळतं, चिमट्यासारखं. संदर्भ दिला नाही तर चित्रकार नेटवरून पहिला सापडेल तो फोटो घेतो, आणि तो बहुधा अमेरिकेतल्या ॲलिगेटरचा निघतो. बडोद्याचा वाचक पहिल्याच पानावर हसेल. तोंड मिटलेलं असताना मगरीच्या खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो, ॲलिगेटरचा दिसत नाही. ही एक ओळ संदर्भाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

इतकी तयारी झाली की शोध सोपा होतो, कारण आता तुमच्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

बडोद्यात पहिला पत्ता अर्थातच फाइन आर्ट्स. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या या विद्याशाखेत चित्रकलेचे पहिले विभागप्रमुख होते ना. श्री. बेंद्रे, मूळचे इंदूरचे. म्हणजे मराठी माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. पण तुम्ही चित्रकला विभागाच्या दारात उभे राहू नका. तिथली बरीच मुलं मोठ्या कॅनव्हासवर, स्वतःच्या विषयावर काम करत असतात. तुम्हाला हवीत ती उपयोजित कला आणि मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रं छापण्याची कला) या विभागांतली मुलं. उपयोजित कलावाल्यांना दुसऱ्याच्या मजकुरावर, ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या तारखेला काम द्यायची सवय असते. मुद्राचित्रणवाल्यांचा काळ्या-पांढऱ्यावर हात बसलेला असतो, आणि तुमची गोष्ट रात्रीची, अंधाराची आहे. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात दोन्हीकडे फिरा, आवडलेल्या कामाखालचं नाव टिपून घ्या, पण तेव्हा काम विचारू नका. मार्च ते मे मुलं सबमिशनमध्ये बुडालेली असतात. नवरात्रात नऊ रात्री आणि त्याआधीचे तालमीचे दिवस या शहरात कोणी पानं काढत नाही, उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, आठवडाही तसाच गेला समजा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर नऊ आठवडे सप्टेंबरच्या आरंभी संपतात, गरब्याचे ढोल वाजण्याआधी. शिवाय पुराची गोष्ट पावसाळ्यात काढलेली बरी: खिडकीबाहेरच संदर्भ असतो.

फाइन आर्ट्सपलीकडेही माणसं असतात: ॲनिमेशन शिकणारी मुलं, शाळेतले चित्रकला शिक्षक, लग्नात जागेवर व्यंगचित्रं काढून देणारे. ॲनिमेशनचं शिक्षण घेतलेल्यांना स्टोरीबोर्डची सवय असते. चौकटीमागून चौकट लावणं त्यांना शिकवावं लागत नाही. ही गोष्ट तैलचित्राच्या सुवर्णपदकापेक्षा तुमच्या जास्त कामाची.

ऑनलाइन शोधायचं तर ऑक्टोबरात इन्स्टाग्रामवर इंकटोबर चालतं, रोज एक शाईचं चित्र, ३१ दिवस. नोव्हेंबरात त्या टॅगवर जा आणि कोणी एकतीसच्या एकतीस पूर्ण केली ते बघा. सातव्या दिवशी थांबलेल्याची चित्रं अधिक देखणी असतील, तरी एकतीसवाल्याला आधी लिहा.

कामाचे नमुने बघताना सुंदर चित्रांना भुलू नका. एकेकटी सुंदर चित्रं काढणारे शेकडो सापडतील, कॉमिक काढणारा वेगळा. सलग दोन-तीन पानं मागा आणि संवाद झाकून वाचून बघा. गोष्ट कळते का? पाचव्या चौकटीतला माणूस पहिल्या चौकटीतलाच वाटतो का? हात काढलेत की खिशात लपवलेत? मागे खोली आहे की नुसता रंग? टेबलाशी दोन माणसं बोलत बसलीयत असं कंटाळवाणं दृश्य त्यानं कसं काढलंय? ज्याला ते जमतं त्याला पूर आणि मगर जमतेच. रंगांचे थर चढवत, लोण्यासारखं गुळगुळीत काम करणाऱ्याला एका पानाला २५-३० तास लागू शकतात. तो आठ पानं पूर्ण करण्याची शक्यता कमी. साधी, ठाम रेघ निवडा. आणि हल्ली एक गोष्ट आवर्जून मागा: पूर्ण झालेल्या कोणत्याही एका पानाचा पेन्सिल-टप्प्याचा फोटो. यंत्राकडून चित्रं करवून घेणाऱ्याकडे तो बहुधा नसतो.

पहिला संदेश लहान आणि आकड्यांनी भरलेला असावा. 'एक भन्नाट कल्पना आहे, भेटून सांगतो' याला उत्तर येत नाही. 'पैसे नाहीत पण नाव होईल' याला तर येऊच नये. असं लिहा:

'नमस्कार. तुमचं रेल्वे फलाटावरचं तीन पानी कॉमिक पाहिलं. गर्दीतही मुलगी हरवत नाही, ते आवडलं. माझ्याकडे ८ पानांची काळी-पांढरी गोष्ट आहे: पुराची रात्र, जिन्यातली आजी, मगर. संहिता पूर्ण आहे, पहिली दोन पानं सोबत जोडलीयत. आकार ए-५, मुदत नऊ आठवडे. माझं बजेट एकूण १२,००० रुपये. आधी एक पान चाचणी म्हणून, त्याचे पैसे वेगळे न धरता त्याच दरानं लगेच देईन. जमणार नसेल तरी कळवा, वाईट वाटणार नाही.'

चित्रकार केरळचा, बंगालचा किंवा गुजरातीभाषक असू शकतो. तेव्हा हेच हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा. संहितेतही चौकटीचं वर्णन त्याला कळणाऱ्या भाषेत, संवाद मराठीत आणि प्रत्येक संवादाखाली अर्थ. 'अगंबाई' हे आनंदात म्हटलंय की भीतीनं, हे न कळणारा चेहरा कसा काढणार?

आता पैसे. १२,००० हा आकडा उदाहरणादाखल घेतलाय, तो बाजारभाव समजू नका. दर माणसागणिक बदलतो. पण भागाकार करून बघा. पानाला १,५०० म्हणजे तासाला १३६ रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून मग घासाघीस करायची हिंमत होते का बघा. देण्याचे टप्पे असे बांधा: चाचणीचं पान आल्यावर १,५००, आठही पानांचे कच्चे आराखडे मंजूर झाल्यावर ३,०००, चार पानं शाईत पूर्ण झाल्यावर ४,००० आणि शेवटच्या फाइल मिळाल्यावर ३,५००. सगळे आगाऊ दिले की काम रेंगाळतं. सगळे शेवटी ठेवले की चित्रकार दुसरं काम आधी हातात घेतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. खरंच पैसे नसतील तर पानं चार करा आणि स्कॅन, लेटरिंग (संवादाची अक्षरं भरणं), छापखान्याच्या फेऱ्या हे सगळं स्वतःच्या अंगावर घ्या. मात्र हे पहिल्याच संदेशात सांगा.

चाचणीच्या पानासाठी पहिलं पान देऊ नका. पान ३ द्या: अंधार, जिना, पाणी, आजीचे हात, सगळं त्यात आहे. त्यात चित्र तर बघाच, पण दोन गोष्टी आणखी बघा. सांगितलेल्या दिवशी आलं का? आणि एक लहान दुरुस्ती सुचवल्यावर काय झालं? 'टॉर्च डाव्या नव्हे, उजव्या हातात' एवढ्यावर जो तीन दिवस रुसतो, त्याच्याबरोबर नऊ आठवडे निघणार नाहीत. उलट, 'उजव्या हातात घेतली तर सावली आजीच्या तोंडावर पडेल, म्हणून डाव्या ठेवली' असं म्हणणारा सापडला तर त्याला सोडू नका, संहिता बदला.

दुरुस्त्या कोणत्या टप्प्यावर सांगायच्या, यावर मैत्री टिकते. कच्च्या आराखड्यात चौकट हलवायला पाच मिनिटं लागतात, पेन्सिलमध्ये तासभर, शाई झाल्यावर पान नव्यानं. म्हणून आठही पानांचे आराखडे एकत्र मागवून, सलग वाचून, सगळं तिथेच बोलून घ्या. पेन्सिलला एक फेरी. शाईनंतर फक्त चुका: सहा बोटं, मगरीला जास्तीचा पाय. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि रेघेच्या कडा भुरकट होतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर घ्या.

माप पहिल्या दिवशी द्या. ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी. चारही बाजूंना कटिंगसाठी ३ मिमी ब्लीड, म्हणजे १५४ × २१६. रेघेचं काम ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) हवं, ते साधारण ३६३८ × ५१०२ पिक्सेल होतं. संवादाचे फुगे आणि चेहरे कडेपासून किमान ८ मिमी आत. कोणी मोबाइलच्या पडद्याच्या मापात काढून दिलं तर छपाईत रेघ पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, आणि ते नंतर सुधारत नाही.

लेटरिंग मात्र चित्रकाराकडून करून घेऊ नका, विशेषतः तो मराठी वाचत नसेल तर. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींमध्ये अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवावं लागतं. इंग्रजी कॉमिकच्या अंदाजानं काढलेला फुगा मराठीला पुरत नाही. एका फुग्यात २० शब्द ही कमाल मर्यादा, पानावर सगळे मिळून शंभर. ए-५ ला ८-९ पॉइंटचा टाइप पुरतो, पण एक पान खऱ्या मापात छापून आजीबाईंच्या वयाच्या कोणाला तरी वाचायला द्या. चित्रकाराला सांगायचं ते इतकंच: चौकटीचा वरचा चतुर्थांश मोकळा ठेव, आणि आधी बोलणारं पात्र डावीकडे. हे दुसरं विसरलं की फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात आणि ते पान दुरुस्त होत नाही.

अक्षरांसाठी 'कलम' हा हस्ताक्षराच्या वळणाचा फाँट आहे, आवाज आणि शीर्षकासाठी 'बालू'. दोन्ही मुक्त परवान्याचे, विक्रीच्या पुस्तकालाही चालतात. युनिकोडच वापरा. आणि कामाला लागण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये हे वाक्य टाइप करून बघा: 'तिसऱ्या मजल्यावरची आजी ॲम्ब्युलन्सची वाट पाहत शेवटी खिडकीत बसली.' पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, 'ऱ्या' तुटला, किंवा 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन आला तर तिथे मराठी होणार नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करावा लागतो; फुकटात करायचं तर इंकस्केप देवनागरी नीट जोडतं. त्याच वाक्यात 'ल' आणि 'श' बघा. हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी निवडा. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. अक्षरं कायम वेगळ्या थरावर ठेवा. बडोद्यात गुजराती आवृत्तीची मागणी येणारच, तेव्हा फुगे खरवडत बसावं लागू नये.

हक्कांचं. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संहितेचे हक्क लेखकाचे आणि चित्रांचे मुळात चित्रकाराचे. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रांबाबत कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण तिच्यावर विसंबून वाद ओढवून घेण्यापेक्षा लिहून घ्या. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावंच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकले तरी निर्माता म्हणून नाव असण्याचा, कामाची मोडतोड होऊ न देण्याचा चित्रकाराचा अधिकार उरतोच. एका पानाचा कागद पुरेसा आहे. त्यात एवढं हवं: मुखपृष्ठावर दोघांची नावं सारख्या आकारात, मूळ कागद चित्रकाराकडे, छपाईचा खर्च वजा जाऊन उरलेले पैसे कसे वाटायचे, गुजराती-हिंदी आवृत्तीला दोघांची संमती, आजी आणि मगर ही पात्रं पुढच्या गोष्टीत वापरायची तर काय. आणि सगळ्यात उपयोगी कलम: कोणी मध्येच सोडलं तर झालेल्या पानांचे पैसे द्यायचे आणि ती पानं वापरायची की नाही. आधीच्या चार पानांबाबतही हाच प्रश्न आहे. लेखी काही ठरलं नसेल तर ती त्या चित्रकाराचीच समजा. नव्या माणसाला 'अशी काढ' म्हणून गिरवायला देऊ नका, नुसती चौकटींची मांडणी तोंडी समजवा.

छपाईला १०० प्रतींपर्यंत डिजिटल प्रेस परवडते. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, घ्या. त्याहून पातळ घेतला तर रात्रीच्या दृश्यांची काळी शाई मागच्या पानावर दिसते. फाइल फक्त काळ्या शाईत द्या. चार रंगांत मिसळलेला काळा गेला आणि रंग केसभर जरी सरकले, तरी अक्षरांना निळसर-लाल कडा येतात. एक प्रत आधी मागवा, तिला पिना मारून घ्या, आणि पान ३ उलटून बघा: मगर ४ वरच येतेय ना.